रेडवुडच्या हद्दीत

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर मला निरोप देताना बाबांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, प्रश्न होता. आमच्या लाटंबार्से गावापासून पेडण्यापर्यंत सगळा रस्ता ते खिडकीतून झाडं बघत आले. बॅगा ट्रॉलीवर चढल्या, माझी बायको वृषाली त्यांच्या पाया पडली, आणि मग मला जरा बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "थय झाडां खयची रे?" मी म्हटलं, माहीत नाही. "ऱ्हवाक जातस आणि झाडां म्हायत नाय?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. तीन वर्षांत परत येतो, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते अगदी मनापासून सांगितलं.

बाबा म्हणजे झाडं पाडणारा माणूस. सर्वणपासून दोडामार्गपर्यंत किती घरांचे वासे त्यांच्या करवतीखालून गेले असतील ते त्यांनाही सांगता येणार नाही. "झाड पाडूक जोर लागणा नाय, धीर लागता," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मला मात्र त्यांनी झाडाला हात लावू दिला नाही. फक्त करवतीला कानस मारायला शिकवलं, एकेक दात. पुढे मी आयटीआय केलं, खाणीवर मशीन चालवलं, खाण बंद पडल्यावर पणजीच्या बसमधून रोज नोकरीला गेलो. कानशीचा हात तेवढा विसरलो नाही.

वृषाली नर्स. तिला कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठच्या एका गावात हॉस्पिटलची नोकरी लागली आणि तिच्या मागे मी गेलो. पहिले चार महिने मी घरी चपात्या लाटल्या. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या हॉर्नची वाट बघायची सवय होती, तिथे सकाळी फक्त धुकं यायचं. आणि त्या धुक्यात गावाबाहेर उभी असायची रेडवुडची झाडं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मान वर करत करत टोपी पाडली. आमच्या देवराईतला सगळ्यात जुना वृक्ष त्याच्या शेजारी ठेवला असता तर फांदी म्हणून खपला असता.

तिथल्या लाकडाच्या मिलला करवतीच्या दातांना धार लावणारा माणूस मिळत नव्हता. नवीन पोरांना हे काम नको असतं, हे दोन्हीकडे सारखंच. फोरमनने माझ्यापुढे पातं ठेवलं, मी कानस मारून दाखवली, आणि तो सोमवारपासून या म्हणाला. आमच्या मिलमध्ये येतात ती शेतासारखी लावून वाढवलेली, कोवळी झाडं. हजार-दीड हजार वर्षांची म्हातारी झाडं कधीच तोडून संपली, उरली ती पार्कात राखलेली.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हापासून बाबांना दुसरा विषय सुचेना. दर रविवारी माझी सकाळ आणि त्यांची संध्याकाळ. इतर नातेवाईक विचारायचे, झाड किती उंच, किती जाड? बाबांनी विचारलं, "इतक्या उंचासून पडताना फुटणा नाय काय?"

दुसऱ्या दिवशी मिलमधल्या डेलला विचारलं. डेल निवृत्तीला आलेला, त्याचा आजा जुनी झाडं तोडायचा. तो आधी माझ्याकडे टकामका बघत राहिला. म्हणाला, "इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नाही. फुटायचंच! म्हणून ते झाडाला आधी गादी घालायचे." जिथे झाड पाडायचं तिथली जमीन सारखी करायची, खड्डे भरायचे, वर फांद्यांचा जाड थर पसरायचा. दोन माणसं बुंध्यात खाचा पाडून त्यात फळ्या रोवायची, पुरुषभर उंचीवर त्या फळ्यांवर उभं राहून दिवसचे दिवस कुऱ्हाड आणि करवत चालवायची. नेम चुकून झाड गादीबाहेर पडलं तर सगळ्याचं सरपण.

बाबांना हे सांगितलं तर त्यांनी गादी किती जाड ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे शिकलेली माणसां होती." त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी ऐकलेली नाही.

दरम्यान आम्ही तिथे घर घेतलं. लहानसंच, पण आमचं. आणि परत यायचं नाही असं ठरवलं. हे बाबांना कसं सांगायचं? आई गेल्यापासून ते माझ्या भावाकडे राहतात, आणि दर फोनच्या शेवटी विचारतात, "येतलस कधी?" मी म्हणायचो, बघू. मग ते स्वतःच झाडं बघायला आमच्याकडे आले, तर मी घर भाड्याचं आहे म्हणून ठोकून दिलं. चाळिशी उलटलेला मी, आणि बापाला घाबरून खोटं बोललो. लाज वाटत होती, पण जीभ उचलत नव्हती.

पार्कात त्यांना आधी तोडलेल्या झाडाचं एक जुनं खोड दाखवलं. फळ्यांसाठी पाडलेल्या खाचांत बोटं घालून ते म्हणाले, "ह्या बाजूचो डावरो होतो." डावखुऱ्या हाताचे घाव ओळखून ते खुशीत सगळ्या खोडाभोवती फिरले. मग आम्ही एका उभ्या, जिवंत झाडापाशी गेलो. तिथे बाबांनी चपला काढल्या आणि वृषालीच्या पिशवीतलं संत्रं हातात घेतलं.

मी पटकन पुढे झालो. कारण मोठं झाड तोडायच्या आधी बाबा असंच करायचे. नारळ धरून झाड राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे मोठ्याने विनवणी करायचे, आणि सोबतची माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायची. मी घाईघाईने म्हटलं, "बाबा, हे तोडायचं नाही." वृषाली म्हणाली, "बाबा, इथं काही ठेवू देत नाहीत."

"ठेवणंय नाय, दाखवतंय," ते म्हणाले, आणि त्यांनी सुरू केलं.

"बा हयच्या राखणदारा, तुजा नाव माका म्हायत नाय. हो माजो झील. तुज्या हद्दीत ऱ्हवाक इलो आसा. तेणा हय घर घेतल्यान, ता माका सांगूक भियेता. तुका मी सांगतंय."

मी वृषालीकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. म्हणजे तिने सांगून टाकलं होतं.

"तेचो धंदो करवतीचो. हात-बोटां सांभाळ. तेका आपलो समज. आणि कधी चुकान तेका गावाची याद इली, तर रागावू नको रे महाराजा."

ते थांबले. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं आणि तिथे आम्ही दोघंच होतो. मी ओठातल्या ओठात 'व्हय महाराजा' पुटपुटलो.

बाबांनी वळून बघितलं. "मोठ्यान म्हण," ते म्हणाले. "झाड उंच आसा."