जोनबाईंचं माहेर

माझ्या सासूबाईंना कुठलीही बाई भेटली, की दोन मिनिटांत त्या तिचं माहेर काढतात. सासरे गेल्यावर काही महिने त्या आमच्याकडे न्यूझीलंडात, टाकानिनीला राहायला आल्या, तरी ही सवय सुटली नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेल्या की गल्ल्यावरच्या पंजाबी सुनेचं माहेर, दवाखान्यात गेल्या की सामोअन नर्सचं माहेर. मी ओशाळून दुभाष्याचं काम करायची. "अगं, माहेर कळल्याशिवाय बाईशी बोलायचं तरी काय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

शेजारच्या डोरोथीचं माहेर त्यांनी कुंपणावरूनच विचारलं. डोरोथी पंचाहत्तरीची, भर थंडीत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, घालून हिंडणारी. तिचं उत्तर थेट सातशे वर्षं मागे गेलं. इंग्लंडातल्या कुणा सरदाराची बायको, लेडी जोन, ही तिची पूर्वज. सरदाराचे सगळे बापजादे कागदोपत्री हजर होते. जोन कुणाची लेक, याचा मात्र पत्ता नव्हता. "मरायच्या आधी मला एवढंच कळायला हवंय," डोरोथी म्हणाली. त्या दिवशी सासूबाईंना अन्न गोड लागेना. "एवढी सरदारीण, आणि तिला माहेर नाही? पहिल्या बाळंतपणाला गेली कुठे बिचारी?"

झालं. दर गुरुवारी दोघी लायब्ररीतल्या वंशावळवाल्यांच्या मंडळात जाऊ लागल्या. ड्रायव्हर अर्थात मीच. सासूबाईंनी चकल्या नेल्या आणि बघता बघता मंडळ ताब्यात घेतलं. 'कझिन' या शब्दावर त्यांचा विशेष राग. "कझिन म्हणजे कोण? मामेबहीण, आतेबहीण, का चुलतबहीण? असं मोघम बोलून नाती लागतात होय?" शेवटी फळ्यावर रोमन लिपीत 'मामे', 'आते', 'मावस' लागले, आणि "इज शी अ मामे ऑर ॲन आते?" अशी चर्चा गोरे म्हातारे गंभीरपणे करू लागले.

मग एलिनॉर सापडली. ही सरदाराच्या शेजारच्या गढीतली मुलगी. वयात आल्यावर तिचा उल्लेखच थांबतो, म्हणून डोरोथीनं ती लग्नाआधीच वारली असं धरलं होतं. सासूबाई उसळल्या. "वारली कशाला? चांगली उजवली तिला! हीच तुमची जोन. लग्नात नाव बदललं, एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

मी भाषांतर केलं. सगळे हसले. "नो, लव्ह," डोरोथी म्हणाली, "आमच्या मुलींची पहिली नावं तीच राहायची."

सासूबाईंना ते पटेना. "पहिलं नाव तेच? मरेपर्यंत?" त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"व्हाय, डिड दे चेंज युअर्स?" डोरोथीनं विचारलं.

सासूबाईंनी हातातली चकली परत ताटलीत ठेवली. "इंदू होते मी. ह्यांनी तांदळात अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं, संपलं. भावंडं ताईच म्हणायची. आई गेल्यावर इंदू म्हणणारं कुणी उरलंच नाही."

आवाज अगदी रोजचा. मला मात्र फार वाईट वाटलं. भेटेल त्या बाईचं माहेर विचारणाऱ्या या बाईला तिचं नाव कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. डोरोथीनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "राइट. इंडू, पास द चकलीज."

तेव्हापासून मंडळात दार उघडलं की "किया ओरा, इंडू!" असा माओरी नमस्काराचा गजर व्हायचा. सासूबाई लाजायच्या, आणि गुरुवारची साडी बुधवारीच काढून ठेवायच्या. घरी त्यांनी याचा शब्दही काढला नाही. मीही काढला नाही.

जोनचं माहेर काही लागलं नाही. तोवर व्हिसा संपत आला. विमानतळावर डोरोथी आली, जँडल्स घालूनच. सासूबाईंनी तिला मिठी मारली. "तू धीर धर. लागेल माहेर," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. डोरोथीला ते कळलं असावं.

"टेक केअर, इंडू," ती म्हणाली.

सामानाची ट्रॉली ढकलणारा माझा नवरा थबकला. "आई, इंदू कोण गं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "माहेर वाई."