पांझरेला बसवलेलं बूच

धुळ्याहून साक्रीच्या एसटीत चढताना माझ्याजवळ पाण्याची बाटली, टोपी आणि एक सिद्धांत होता: गावं नदी वसवते, माणूस नुसता राहायला येतो. सिद्धांत घरीच पक्का झालेला. पांझरेला फक्त साक्षीला बोलवायचं होतं.

मी उतरलो त्या गावाखाली नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून निघालेल्या पाटाच्या काठी पाटकरी (पाणी वाटून देणारे) नाना भेटले. समोरच्या शिवाराकडे हात करून म्हणाले, "हाऊ बठ्ठा फड गहूना शे, तो उसना. एका फडमा एकच पीक." प्रत्येक फडात (शिवाराच्या सलग तुकड्यात) गावातल्या घराघराचा पट्टा. पाणी उसाकडे चाललं होतं. गव्हाची कापणी झालेली, पेंढ्या जमिनीवर पसरलेल्या.

नाना उसाकडे गेले. गव्हाच्या चारीचं तोंड काडीकचरा नि ढेकळांनी बुजलेलं मला दिसलं. अरेरे, केवढी ही अनास्था! मी बाह्या सरसावून ते साफ केलं. पाणी खळाळत आत शिरलं. फोटोही झकास आला.

"अय भाऊ! काय करी ऱ्हायना तू?" बांधावरून एक अक्का ओरडत आल्या. "मन्हा गहू भिजी जाई! वरीसभर काय खाऊ, तुना फोटो?"

मी ढेकळं परत टाकली, ती वाहून गेली. टोपी टाकली, तीही गेली. शेवटी मी स्वतःच चारीच्या तोंडात बसलो. पाणी थांबलं! माझ्या देहाच्या घेराचा असा सार्वजनिक उपयोग प्रथमच होत होता.

"हालजो नको!" अक्का म्हणाल्या. "धोंडा बरा मियना (मिळाला)!"

तोवर चारी बाजूंनी माणसं धावली. आधीच आत शिरलेलं पाणी पोहोचण्याआधी पेंढ्या बांधावर जाऊ लागल्या. नाना फावडं घेऊन आले आणि त्यांनी माझ्याभोवती माती लिंपायला घेतली.

"नाना, मी आत आहे!"

"माले दिसस. पक्कं व्हऊ दे."

अक्कांच्या थोड्याच पेंढ्या ओल्या झाल्या. त्या उन्हात उभ्या करून झाल्यावर सगळ्यांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा काढला. चिखलातून उपटलेल्या मलाही वाढलं. सर्वांत जास्त पेंढ्या वाहिलेल्या बाईंना मी विचारलं, "तुमचा पट्टा कोणता?"

"मन्हा गहू त काल घर गया."

"मग धावलात कशाला?"

"त्यामा काय इचारानं?" त्या म्हणाल्या. "पानी शिरनं ना!"

परतीच्या एसटीत कंडक्टरने माझ्या विजारीकडे पाहून मला धुळ्यापर्यंत उभं ठेवलं. खिडकीबाहेर पांझरा तापीच्या दिशेने निघाली होती, गावं वसवल्याचा कसलाही आव न आणता. वसायला तिचं पाणी लागलं असेल, पण इतक्या पिढ्या तिथं टिकायला लागली ती ओरड ऐकताच हातातलं टाकून धावणारी माणसं. नदीच्या बाजूने मी एवढंच सांगू शकतो की त्या दिवशी थोडा वेळ तिचा प्रवाह मी अडवला होता, आणि तिने काही मनावर घेतलं नाही.