दादाला ऐकवलेलं इंजिन

रहाटणीतला माझा मेकॅनिक बोलतो कमी. बोललाच तर इंजिनाशी, लातूरकडच्या हेलात. बोल्ट आवळताना डोळे मिटतो. हाताला नीट कळतं म्हणे.

परवा माझ्या मोटरसायकलच्या ऑइल सोडायच्या बोल्टचे इंजिनातले आटे गेले. "कुणी एवढं आवळलं हो?" असं पुटपुटत त्याने केसिंगमधलं भोक अलगद मोठं केलं, नवे आटे पाडले आणि त्यात स्प्रिंगसारखं पोलादी वेटोळं फिरवत बसवलं. हे काम पूर्वी त्याचा थोरला भाऊ करायचा. नजर गेल्यावर तो गावी परतला.

नव्या ऑइलवर गाडी सुरू झाली, तसा त्याने गावी फोन लावला आणि इंजिनाजवळ धरला.

"दादा, ऐक. आटे मी बसवले."

"गळत न्हाई ना?" स्पीकरवरून आवाज आला.

"थेंब न्हाई. तू असतास तर..." "बंद करतो आता," म्हणत त्याने किल्लीकडे हात नेला.

इंजिनाचा आवाज ऐकत असलेला दादा घाईने म्हणाला, "बंद करू नगंस रे. जरा राहू दे."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मला शिफ्ट गाठायची होती. तरी मी होकारार्थी मान हलवली आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसलो.