काठावरून मारलेली हाक

ओबरनाउ गावात हिवाळ्यात स्की करायला येणारे पाहुणे एकमेकांचं नाव विचारायच्या आधी विचारतात, "तुमचा आवडता उतार कोणता?" मग कुणी जपानमधल्या भुसभुशीत बर्फाचं कौतुक करतो, कुणी कॅनडातल्या रानातून जाणाऱ्या लांबलचक वाटेचं. पण डोंगरावर नेणाऱ्या खुर्चीत बसलं की तोच माणूस समोर बोट दाखवून म्हणतो, "काही म्हणा, गाम्सवांट ती गाम्सवांट!" मग तो काळ्या खुणेचा, म्हणजे सगळ्यात अवघड, उभा उतार बघून हात जोडल्यासारखा गप्प होतो.

नोटबुर्गा त्या गाम्सवांटवर सव्वीस वर्षं गस्त घालत होती. लाल जाकीट, पाठीवर पांढरा क्रूस, कमरेला वॉकीटॉकी. गाव तिला बुर्गा म्हणे. एकदा एका डच बाईने खुर्चीत लकडाच लावला, "तुम्ही तर इथल्याच, तुमचा आवडता कोणता?" बुर्गा म्हणाली, "चर्चमागचा. पोरं शिकतात तो." बाई खो खो हसली. बुर्गाही हसली, पण ती थट्टा करत नव्हती.

तिला भीती वाटे. रोज. सकाळी बूट घालतानाच सुरू व्हायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पाद्रीबाबांनासुद्धा नाही. कारण भीती हे काही पाप नव्हे, अशी ती स्वतःची समजूत घाले.

भीतीचं एक ठिकाणही होतं. गाम्सवांटच्या मध्यावर उतार डावीकडे वळतो, आणि वळणाच्या पोटात एक खोल खळगा आहे. त्याला सगळे कढई म्हणतात. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ विगिल संध्याकाळची शेवटची फेरी करताना तिथे उतरला, आणि वरच्या कड्यावरून बर्फ कोसळून त्याच्यावर आलं. बुर्गा स्वतः फावडं घेऊन खणत होती. दीड तास.

शेवटच्या फेरीचा नियम साधा आहे. गस्तीवाल्याने कढईत उतरायचं, तळाच्या लाल खांबाला हात लावायचा, मग खाली येऊन वॉकीटॉकीवर म्हणायचं, "मोकळा." तो शब्द ऐकल्याशिवाय वरचा यंत्रवाला हलत नाही. बर्फ सारखं करायचं ते अजस्र यंत्र गाम्सवांटवर नुसतं सोडलं तर घसरत दरीत जाईल, म्हणून वरच्या खांबाला किलोमीटरभर पोलादी दोर बांधून उतरवतात. दोर करंगळीएवढा जाड. कधी बर्फात बुडालेला, तर कधी ताण बसला की माणसाच्या उंचीवर सपकन उसळतो. तिन्हीसांजेला दिसतही नाही. त्याच्या वाटेत माणूस आला तर संपलंच.

विगिल गेल्यापासून बुर्गा कढईत उतरली नव्हती. काठावर थांबायची, तीनदा हाक मारायची, "उतार बंद! कुणी आहे का?" मग डोळे मिटून प्रभूची प्रार्थना एकदा म्हणून होईल एवढा वेळ कान देऊन थांबायची. उत्तर आलं नाही की निघायची. एकोणीस वर्षांत कधी उत्तर आलं नव्हतं. ती आत उतरत नाही हे कुणाला ठाऊकही नव्हतं.

जानेवारीतल्या त्या दिवशीही तिने तेच केलं. रात्रभर बर्फ पडलं होतं, कड्याच्या कपाळावर ते फुगून बसलं होतं. तिने त्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली. हाका मारल्या, प्रार्थना म्हटली, निघाली. खाली पोचल्यावर वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "गाम्सवांट मोकळा."

"ऐकलं गं माझी बाय," वरून सेराफिनचा आवाज आला. तो यंत्रवाला, तिच्या विगिलबरोबर शाळेत होता. "लवकर घरी जा. आज पोरांसाठी डोनट तळणार होतीस ना? माझे दोन ठेव."

"तुझं पोट बघ आधी. यंत्राच्या दारातून जात नाहीस तू."

बाहेर दिवसभराची नोंद लिहून ती अजून हसतच खुर्च्यांच्या पाळण्याच्या खोलीत शिरली. शेगडीजवळ क्रेशेन्स उभी होती. खुर्च्यांवर माणसं चढवायचं काम तिचं. बाकाखाली तिच्या वडिलांनी वर जाताना काढून ठेवलेले तपकिरी चामड्याचे बूट अजून तसेच होते, नाड्या नीट आत खोचलेले.

बुर्गा बघतच राहिली.

"बाबा अजून आले नाहीत?"

"कासिअनकाका?" क्रेशेन्सने किटली खाली ठेवली. "शेवटच्या खुर्चीने वर गेले की. मला वाटलं, तुझ्या पुढेच उतरले."

उतरलेच होते. तिने स्वतः वरून त्यांना जाताना पाहिलं होतं, 'सावकाश' म्हणून हातही केला होता. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा रोज शेवटच्या खुर्चीने जायचा आणि रोज कढईतूनच यायचा. पाहुण्यांनी जगातले उतार मोजून दाखवले की म्हणायचा, "मी बाकीचे बघितलेच नाहीत, त्यामुळे माझं कुणाशी भांडण नाही."

आणि कानातल्या यंत्राशिवाय ते ठार बहिरे होते. थंडीत यंत्र कानात टिकत नाही म्हणून काढून खिशात ठेवायचे. साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिने बहिऱ्या माणसाला हाक मारली होती आणि उत्तर आलं नाही म्हणून निघाली होती.

ती खिडकीकडे धावली. खिडकीतून वर पाहिलं तर यंत्राचे दिवे कढईच्या खालच्या वळणावर पोचले होते. म्हणजे दोर कढईवरून आडवा गेला होता.

वॉकीटॉकी हातात होता. तरी एक श्वासभर ती थांबली. त्या वॉकीटॉकीवर सगळी गस्त ऐकत होती, गस्तीचा प्रमुख ऐकत होता. तो एक श्वास तिला पुढे आयुष्यभर आठवणार होता.

"सेराफिन, थांब! जागचा हलू नकोस!"

खरखर. काही नाही.

"सेराफिन! देवाशपथ, थांब!"

दिवे थांबले. "काय झालं? आत्ता तर मोकळा म्हणालीस."

"बाबा वर आहेत. कढईत असतील. मी आत उतरले नव्हते."

"आज उतरली नव्हतीस?"

"कधीच उतरत नाही. विगिल गेल्यापासून."

मग सेराफिनचा आवाज आला, खालच्या पट्टीत. "दोर ताणलाय, बुर्गा. वर गेलो काय, खाली गेलो काय, तो झटका मारणार. मी इथेच लटकून राहतो. यंत्र सोडून मला उतरता येत नाही. तूच ये."

क्रेशेन्सने विचारलंही नाही, पाळणा सुरू केला. अंधारत्या आभाळाखाली त्या रांगेतल्या एकाच खुर्चीत माणूस होतं. बुर्गाने दांडी घट्ट धरली. प्रार्थना म्हणायला गेली तर शब्दच आठवेनात. नुसतं 'बापा, बापा' एवढंच येत राहिलं, आणि कुठल्या बापाला हाक मारतोय ते तिचं तिलाच कळेना.

वरून स्कीने उतरून काठावर आली तेव्हा कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात दोर चमकला. छातीएवढ्या उंचीवर. बारीक गुणगुणत होता, ताणलेल्या तारेसारखा. वर कडा, त्यावर ते फुगलेलं बर्फ. स्की काढून ती पोटावर झोपली आणि दोराखालून सरपटत आत गेली. अंगाखालचं बर्फ एकदा 'हुप्प' करून बसलं. ती तशीच थिजली. त्या आवाजाचा अर्थ, आता वरून बर्फ कोसळू शकतं, हा इथल्या लहान पोरालाही कळतो. कडा हलला नाही. तिने पुढचा गुडघा टाकला.

कासिअन लाल खांबाला पाठ टेकून बसले होते. एक पाय वाकडा, स्की तुटलेली, मिशीवर बर्फ. दोर त्यांच्या टोपीच्या दोन वीत वरून गेला होता.

"आलीस?" ते ओरडले. बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्याने. "दोर फिरला तेव्हा मी आडवा पडलो. म्हातारा असलो तरी वाकता येतं मला!"

ती गुडघ्यांवर बसून त्यांचा पाय चाचपू लागली. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"मी तुला बघितलं होतं," ते म्हणाले. आता आवाज हळू झाला होता. "काठावर उभी होतीस. पडल्याने दम कोंडला होता, ओरडता येईना, म्हणून मी हात हलवला, काठी हलवली. तुझे डोळे मिटलेले होते."

ती काहीतरी बोलली.

"काय? मला ओठ दिसत नाहीत. तुझा दिवा माझ्याच डोळ्यांत येतोय."

बुर्गाने कपाळावरचा दिवा काढला, उलटा धरला आणि उजेड स्वतःच्या तोंडावर पाडला. मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं. की तिला इथे यायची भीती वाटते. की एकोणीस वर्षं ती खोटं बोलत आली. की आज त्या खोट्यापायी ते गेले असते.

म्हातारा शेवटच्या शब्दापर्यंत तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे पोरी. पण कासिअन तसले नव्हते.

"मग उद्यापासून हा उतार तुझ्याकडे नको," ते म्हणाले. "प्रमुखाला तू सांग. मी सांगणार नाही."

"वॉकीटॉकीवर ऐकलंय त्याने. तरी समोर जाऊन सांगते."

"आणि घाबरतेस म्हणून लाजू नकोस. विगिल घाबरत नव्हता." त्यांनी वर कड्याकडे मान केली. "आता मला काढ इथून. मलाही घाबरायला होतंय."

तिने त्यांचा हात आपल्या गळ्यात घेतला. वॉकीटॉकीवर सेराफिन विचारत होता, सापडले का, सापडले का. ती उत्तर देणार होती, पण दोन्ही हात गुंतलेले होते, आणि वरच्या बर्फावरून नजर काढायचा तिला धीर होत नव्हता. दोराखाली वाकून, बापाला ओढत, ती एकेक पाऊल काठाकडे सरकू लागली.