शेवळांबरोबरची काकडं

सुनेनं आज रानातली पावसाळी शेवळं चिरायला घेतली, तो मातकट वास आला आणि मला बोईसरचा बाजार आठवला. आजारातून उठलेल्या ह्यांना शेवळांचीच भाजी खावीशी वाटली, म्हणून पोरांना घेऊन सगळेच गेलो. भाजीवाली म्हणाली, "बाय, काकडं पन घे, नायतर घसा खाजंल." ती आंबट फळं बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला होती नि माझे पाय गळून गेलेले, म्हटलं, चिंचेवर भागवू. जेवताना पोरांनी पहिल्याच घासाला ताटं सारली. हे मात्र खाकरत खाकरत म्हणाले, "झकास झालीय गं, वाढ अजून." पुढच्या हंगामाला हे नव्हते. आता गुडघे धरतात, तरी काकडं मीच जाऊन आणते. भाजी मुळीच खाजत नाही. मला मात्र दोन घासांपुढं जात नाही.