तेरा चमचे मध

मधापासून केलेली वाइन गोडच लागत नाही, मग ती घेणार कोण, ही काळजी आईचा पिच्छा सोडत नव्हती.

मुलीनं प्रयोगशाळेतली बरी नोकरी सोडली, ते आईनं गिळलं होतं. गाडी रस्त्यावर गेली आणि गॅरेजमध्ये स्टीलच्या तीन टाक्या आल्या, तेही चालवून घेतलं. पोरगी टाकीला कान लावून बसायची.

"बोलतायत का काही?" बाबा विचारायचे. त्यांनी लेकीचं नाव राणीमाशी ठेवलं होतं, आणि स्वतःला ते पोळ्यातला बिनकामाचा नर म्हणवून घ्यायचे.

"त्यात नवीन काय?" आई म्हणायची.

पोरगी कामात भलतीच काटेकोर. बाटली दोनदा उकळायची, आणि आई जवळून श्वास घेऊन गेली तर तिसऱ्यांदा.

"यीस्ट म्हणजे हावरट पाहुणे, आई," ती समजावायची. "मध खातात आणि वायू सोडतात. सगळा मध संपला की मगच बाटली भरायची. बूच लावल्यावर त्यांना खायला मिळालं, तर तो वायू जाईल कुठं?"

आईनं मान डोलावली, पण तिचं मन पाहुण्यांपाशीच अडकलं. सगळा मध त्यांनीच खाल्ला, तर गिऱ्हाइकाला उरलं काय?

चार महिन्यांनी पहिली ऑर्डर आली. नदीकाठच्या हॉटेलच्या मालकिणीला बारा बाटल्या हव्या होत्या. पसंत पडल्या तर दर महिन्याला. मुलीनं तेरा भरल्या, एक घरासाठी, आणि बुचं लावण्याआधी ती लेबलं आणायला गेली. आईनं तेवढ्यात थेंबभर चाखली. तोंड वाकडं झालं. पोरीचं हसं होणार!

तिनं प्रत्येक बाटलीतली घोटभर वाइन कपात काढली आणि नरसाळ्यानं चमचाभर मध आत सोडला. काढलेली टाकवेना, म्हणून पिऊन टाकली. मुलगी परतली तेव्हा आई स्टुलावर बसून टाक्यांना गाणं म्हणून दाखवत होती.

"आज फारच खुशीत?"

"तुझं भलं व्हावं, एवढंच गं!"

गडद काचेतला मध काही दिसला नाही. बुचं बसली.

दहा दिवसांनी, सकाळी, मुलगी बारा बाटल्या घेऊन हॉटेलात गेली. अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या तेराव्या बाटलीचं बूच फट्टकन उडालं, छताला आपटलं आणि बाबांच्या चहात पडलं. फेस फळीवरून ओघळू लागला.

"तोफेची सलामी कुणाला?"

आईनं दोन्ही हातांनी फेस अडवला. तिचा चेहरा उतरला होता. "अहो, मी वाढलं त्यांना."

"कुणाला?"

"पाहुण्यांना. एकेक चमचा."

बाबांना कळायला जरा वेळ लागला, मग ते पोट धरून हसले. "म्हणजे तिथं आणखी बारा तोफा!"

"हसू नका! बारा वाजता मालकीण सगळ्यांसमोर बाटली उघडणार आहे."

बाबांचं हसू थांबलं. "हातातच फुटली तर?"

आईला एक थाप सुचली होती, आणि बरी सुचली होती: बुचंच हलकी निघाली म्हणायचं. पण मग पोरगी स्वतःलाच दोष देत बसली असती. बाटल्या चार-चारदा उकळल्या असत्या, रात्रभर टाकीला कान लावला असता.

तिनं फेसाळलेले हात टॉवेलला पुसले.

"फोन द्या इकडे," ती म्हणाली. "आणि पोरगी ओरडायला लागली, की तुम्ही मध्ये पडू नका."