किल्ली कुणाकडे आहे?

मागच्या फेब्रुवारीत मी न्हाणीघरात घसरले. लागलं काही नाही, पण नळाला धरून उठता उठता वीस मिनिटं गेली. रविवारी फोनवर मी ही गोष्ट तुमच्या बाबाला हसत हसत सांगितली. तो हसला नाही.

"आई, घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

"कपाटात आहे. वरच्या खणात, डब्यात."

"कपाटातली किल्ली बाहेरून दार कशी उघडेल?"

मग त्याने स्पष्टच सांगितलं, "मी मे महिन्यात येतोय. तोपर्यंत किल्ली शेजारी कुणाकडे तरी दे. तसं कुणी नसेल, तर घर बंद करू आणि तू माझ्याबरोबर चल."

तुम्हा दोघांजवळ राहायला मला आवडलं नसतं असं नाही. पण जळगावला पिंप्राळ्यातलं हे घर मी आणि तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतरसाठी बांधलं होतं. ते बंद करायचं या विचाराने माझं जेवणातलं लक्ष उडालं. आणि किल्ली द्यायला खरोखरच कुणी नव्हतं. दोष माझाच होता, तोही सांगते.

माझी सगळी नोकरी धुळ्याला झाली, शाळेत इंग्रजी शिकवण्यात. तासाची घंटा अंगात मुरलेली. इथे राहायला आलो आणि वर्षाच्या आत तुमचे आजोबा गेले. तेव्हा गल्लीतल्या बायका दिवसभर येत. कुणी डबा घेऊन, कुणी नुसतीच बसायला. मी दुपारी आडवी झाले की फाटक वाजे, पुस्तक उघडलं की फाटक वाजे. शेवटी मी सुवाच्य अक्षरात एक कागद लिहून फाटकाला लावला : 'कृपया फोन करून यावे. भेटीची वेळ सायंकाळी ५ ते ६.'

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्कांचा फोन आला. "मॅडम, मी बोली ऱ्हायनी. तुमना गेटजोडे उभी शे. येऊ का?" खिडकीतून पाहिलं तर खरंच फाटकाशी उभ्या, फोन कानाला. मी म्हटलं, पाचला या. त्या गेल्या, आणि पुन्हा आल्या नाहीत. हळूहळू कुणीच येईना. पावसाने कागद गळून पडला तरी येईना.

पहिले काही महिने मला छान वाटलं. मग एकदा तुमचा रविवारचा फोन घेतला आणि माझ्या घशातून आवाजच फुटेना. आठवून पाहिलं, तर शुक्रवारपासून मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. त्यानंतर दर रविवारी तुमच्या फोनआधी मी स्वयंपाकघरात दोनदा 'हॅलो, हॅलो' म्हणून आवाज मोकळा करून घ्यायची. एक भाजी दोन दिवस खायची. झोप चारलाच उडायची. हे सगळं वयामुळे होतंय अशी माझी समजूत होती.

तर किल्ली. ती मी पाकिटात घातली, वर घर क्रमांक लिहिला, आणि अक्कांना फोन करून बरोबर पाचला त्यांच्या ओट्यावर गेले. अक्का भडगावकडच्या, घरी कपाशीची शेती. मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात आल्या त्या इथल्याच झाल्या. बोलतात मात्र अजून अहिराणीच.

"काय व्हयनं मॅडम? फोन कसाले?" त्या घाबरल्याच होत्या.

मला किल्लीचं बोलवेना. मी उन्हाबद्दल बोलले. मग त्यांच्या कुंडीतल्या कढीपत्त्याबद्दल. त्यांनी चहा दिला आणि निघताना म्हणाल्या, "सकाय आमना घर बिबड्या शेतस. सहाले या. आनि फोन करानं काम नही."

पाकीट तसंच घेऊन परत आले.

बिबड्या म्हणजे आपल्याकडचे ज्वारीचे पापड, तुम्ही खाल्ले आहेत. आदल्या दिवशीच्या तयारीपासून ते एकटीचं काम नाही. मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घट्ट घाटा शिजतो, तो ढवळायला दोघी लागतात. मग गरम गरम घाटा ओल्या कापडावर हाताने थापायचा आणि उन्हात खाटेवर उलटा टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना मी अक्कांच्या गच्चीवर हजर. बाकीच्या सातला आल्या.

हात भाजत होते, तरी मी थापत राहिले. माझी पहिली बिबडी पाहून अक्कांनी कमरेवर हात ठेवला.

"हाई काय व्हयनं मॅडम? बिबडी शे का नकाशा?"

"नापास करा मॅडमला!" कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई ओरडल्या.

"असू द्या हो, पाच मार्क ग्रेस द्या," तिसरी म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "माले येस नही, तर मी काय करू?"

हशाने गच्ची दणाणली. धुळ्यात इतकी वर्षं राहून मला अहिराणी कळायची, पण मी कधी बोलले नव्हते. उलट वर्गात कुणी बोललं तर मी त्याला उभं करायची. ते आठवून मला लाज वाटली, आणि हसूही येत राहिलं. वाटीत गरम घाटा, वर कच्चं तेल, असं खात बसलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "तुम्ही माझ्याकडे यायचं बंद का केलंत?"

"पाच ते सहा लिहिलं होतं ना," शिंपीणबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं ट्यूशन सुरू केली. मुलं बसलेली असतील, कशाला त्रास द्या!"

अक्का मात्र हसल्या नाहीत. "माले समजनं व्हतं. मॅडम, तुम्ही तोंडवर सांगतात ना, 'अक्का, आते जा, माले झोप येस', तर मी गयी असती आनि चारले परत उनी असती. पन तुम्ही कागद लावा, तो मनले लागना."

मला इंग्रजीत माफी मागायच्या दहा तऱ्हा येतात. त्या वेळी एकही उपयोगी पडली नाही. सकाळी पाकिटातून काढून पदरात बांधलेली किल्ली मी सोडली, त्यांच्या हातावर ठेवली आणि न्हाणीघरातली हकीकत सांगितली. त्यांनी ती ऐकली, आणि आत जाऊन किल्ली एका खिळ्याला अडकवली. तिथे आधीच गल्लीतल्या चार घरांच्या किल्ल्या लटकत होत्या.

तिसऱ्याच दिवशी दुपारी दार उघडून अक्का भरीत घेऊन आत. मी नुकती आडवी झाले होते. मोठ्या धाडसाने म्हटलं, "अक्का, आत्ता जा. मला झोप येतेय." "बरं," म्हणाल्या, वाटी स्वयंपाकघरात ठेवली आणि गेल्या. चारला चहाला आल्या. किती सोपं होतं हे!

मे महिन्यात तुमचा बाबा एक दिवस आधीच येऊन टपकला. मी शिंपीणबाईंबरोबर रिक्षाने शेवयांसाठी गहू आणायला गेले होते. त्याने शेजारी किल्ली मागितली. अक्कांनी त्याला फक्त माझ्या भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. त्यांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "मॅडमना पोर्‍याले दाढी नही," म्हणाल्या. त्याने फोनमधले फोटो दाखवले, तुमचेही. मग त्यांनी त्याला जेवू घातलं, पण किल्ली दिली नाही ती नाहीच. तासाभराने मी आले तेव्हा तो त्यांच्या ओट्यावर तिसरी भाकरी खात होता.

"आई, यांच्यापेक्षा विमानतळावरचे तपासणीवाले बरे!"

"मग," मी विचारलं, "घर बंद करायचं?"

तो तोंड उघडायच्या आत अक्काच म्हणाल्या, "मॅडम कोठे नही जावाव. आमन्या शेवया बाकी शेतस."

बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी गव्हाची पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "त्या म्हणतात ते बरोबर आहे."

शेवयांना चार दिवस लागले. त्यातले दोन दिवस तो खाटा उन्हात सरकवत होता. जाताना एकटाच गेला. आता रविवारी तो आधी अक्कांना फोन लावतो, मग मला. त्या माझ्याबद्दल त्याला काय काय सांगतात, ते मात्र दोघंही मला कळू देत नाहीत.